पॅच पावसाळ्यातच का सुटतो: सादळलेल्या कॉम्पोझिट पॅनेलची दुरुस्ती

जुलै लागला की पुण्याजवळच्या आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये तीच तक्रार परत येते. विमानाच्या कॉम्पोझिट (रेझिनमध्ये बांधलेल्या कार्बन किंवा ग्लास फायबरच्या) फेअरिंगवर, म्हणजे बाहेरच्या आच्छादनावर, किंवा पंखाच्या फ्लॅपच्या पॅनेलवर पॅच बसवलेला असतो, हीट ब्लँकेटखाली 120 अंश सेल्सिअसला क्युअर (घट्ट) झालेला असतो, तापमान सांभाळणाऱ्या हॉट बाँडरचा आलेख सरळ असतो, पॅचवरच्या बॅगेतला व्हॅक्यूम कुठे पडलेला नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅप हॅमर फिरवायला घ्यावा, तर टण्, टण्, टण् आणि मध्येच, जिथे पॅच सुटलाय तिथे, भद्द. दोन बोटं बाजूला सरकलं की पुन्हा टण्. भद्द वाजणाऱ्या जागांभोवती खडूने गोल काढत गेलं की पॅचवर दहा-बारा बेटं उमटतात. हीच माणसं, हेच साहित्य, मॅन्युअलचा हाच परिच्छेद. मे महिन्यात केलेले पॅच मात्र पहिल्या फेरीत पास झालेले असतात.

मी आधी बरीच वर्षं हाताने पॅच लावले, आता तपासणीला बसतो. चाकण, भोसरी भागात हे काम शिकणारी नवी मुलं दर पावसाळ्यात मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. खालचे तापमानाचे आणि वेळेचे आकडे समज येण्यासाठी आहेत. तुमच्या विमानाच्या स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा.

आधी सुटलेला पॅच वाचा

नापास पॅच काढावाच लागतो. घाईघाईने घासून टाकू नका. जमेल तेवढा अखंड सोलून काढा आणि दोन्ही पृष्ठभाग उजेडात तिरके धरून बघा. निम्मं निदान इथेच होतं.

दोन्ही बाजूंना अ‍ॅडहेसिव्हचा खरबरीत थर राहिला असेल, तर चिकटण्यात दोष नव्हता. अ‍ॅडहेसिव्ह आपली पूर्ण ताकद देऊन मग फाटलं. सगळं अ‍ॅडहेसिव्ह एकाच बाजूला आणि दुसरी बाजू चकचकीत, घासल्याच्या रेघा जशाच्या तशा दिसणारी, असं असेल तर पृष्ठभागाची तयारी चुकली. आणि अ‍ॅडहेसिव्हच्या थरात अनारशासारखी जाळी पडली असेल, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी शेकडो भोकं एकमेकांना खेटून, तर तिथून वाफ गेली आहे. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये सोललेल्या पॅचखाली बहुतेक वेळा हीच जाळी निघायची.

भद्द जागा कुठे आहेत, हेही बोलतं. पॅचभर विखुरलेली बेटं असतील तर ओल. फक्त कडेने पट्टा असेल तर बॅगची गळती किंवा कडेला अपुरा दाब. आतल्या रिबच्या (आधाराच्या पट्टीच्या) रेषेवर सरळ पट्टा असेल तर तिथे उष्णता पुरली नाही, रिबने ती ओढून नेली. जुन्या फास्टनरच्या भोकाभोवती गोल असेल तर तिथून हायड्रॉलिक तेल किंवा इंधन आत मुरलेलं असण्याची शक्यता धरा. हा नकाशा फोटो काढून फाइलला लावा. पुढच्या वर्षी तोच पॅनेल पुन्हा आला तर त्या फोटोची किंमत कळते.

आम्ही आधी कुणाकुणावर संशय घेतला

पहिला संशय अ‍ॅडहेसिव्हच्या लॉटवर. लॉट बदलला, बेटं तशीच. दुसरा व्हॅक्यूम पंपावर, आणि त्यात आमचा एक अख्खा आठवडा गेला, कारण गेजवरचा काटा 28 इंचांच्या पुढे सरकत नव्हता. प्रशिक्षणात आम्ही 29.9 इंच हा आकडा पाठ केला होता. पण तो समुद्रसपाटीचा. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर आहे. इथे हवेचाच दाब पाऱ्याच्या सुमारे 28 इंचांएवढा असतो आणि पावसाळी हवेत आणखी थोडा खाली येतो. पंप कितीही चांगला असला तरी पुण्यात काटा त्याच्यापुढे जाणार नाही. आमच्या मॅन्युअलला किमान 22 इंच हवे असतात, ते आरामात मिळत होते. तेव्हा 27-28 वर अडकलेला काटा बघून पंप खोलू नका. पंप बंद करून काटा किती वेगाने खाली येतो ते बघा. गळतीचा प्रश्न त्यानेच सुटतो.

तिसरा संशय हॉट बाँडरच्या थर्मोकपलवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेवर. कॅलिब्रेशन करून आणलं, सगळं जागेवर होतं.

शेवटी आमच्यातले सर्वात ज्येष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना सगळा शॉप काका म्हणतो, त्यांनी सोललेला पॅच नाकाजवळ नेला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरे, हे सादळलंय. पापडासारखं सादळलंय." तेव्हापासून आमच्या शॉपमध्ये या दोषाचं नाव सादळणं असंच पडलं आहे, आणि मला त्याहून नेमका शब्द अजून सापडलेला नाही. पापड ओला दिसत नाही, त्याला पाणी लागलेलं नसतं, तरी तो हवेतून ओल पितो. इपॉक्सी लॅमिनेटचंही, म्हणजे रेझिनने एकत्र घट्ट झालेल्या फायबरच्या थरांचंही, तसंच. दमट हवेत राहून ते वजनाच्या एखाद टक्क्यापर्यंत पाणी पिऊन बसतं. बोटाला कोरडं लागतं, डोळ्याला दिसत नाही. नोमेक्सचा हनीकोंब कोअर, दोन स्किनच्या मधला मधपोळ्यासारखा गाभा, म्हणजे रेझिनमध्ये बुडवलेला अ‍ॅरामिड कागदच. तो लॅमिनेटपेक्षा किती तरी लवकर आणि जास्त ओल घेतो.

मे पास, जुलै नापास: हिशोब

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण याने आमचं कोडं सुटलं.

बंद जागेत 120 अंशांवर पाण्याच्या वाफेचा दाब (समुद्रसपाटीच्या हवेचा दाब 1 धरून) जवळपास 2 अ‍ॅटमॉस्फिअर असतो. 177 अंशांवर तोच 9 च्या वर जातो. व्हॅक्यूम बॅग पॅचवर जो दाब देते तो बाहेरच्या हवेचा, म्हणजे पुण्यात फार तर 0.93 अ‍ॅटमॉस्फिअर. मूळ पॅनेल कारखान्यात ऑटोक्लेव्ह नावाच्या दाबाच्या भट्टीत कित्येक पट दाबाखाली बनलेलं असतं. आपल्याकडे दाबायला फक्त हवा आहे.

लॅमिनेटमधलं पाणी मोकळं नसतं, रेझिनमध्ये विरघळलेलं असतं, म्हणून त्याचा दाब पुरा 2 येत नाही. माल ज्या आर्द्रतेच्या हवेत मुरला असेल, ढोबळमानाने तेवढे टक्के धरायचे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत, समजा 30 टक्के आर्द्रतेत, पॅनेल आणि अ‍ॅडहेसिव्ह मुरलं असेल तर 120 अंशांवर वाफेचा दाब 0.6 च्या आसपास. बॅगचा दाब त्याच्यापेक्षा जास्त, म्हणून बुडबुडा उठत नाही. जुलैत 80 टक्क्यांच्या हवेत मुरलेला माल असेल तर दाब 1.6. आता वाफ जिंकते, आणि अ‍ॅडहेसिव्ह पातळ झालेलं असताना, घट्ट होण्याच्या आधीच, त्यात जाळी पडते. पॅच तोच, हात तेच, फक्त 0.6 च्या जागी 1.6.

याच हिशोबातून दोन गोष्टी हाताला लागतात. 80 अंशांवर पाण्याच्या वाफेचा दाब अर्ध्या अ‍ॅटमॉस्फिअरच्याही खाली असतो. म्हणून मॅन्युअलने त्या जागेसाठी कमी तापमानाची, जास्त वेळाची पद्धत मंजूर केली असेल तर पावसाळ्यात ती निवडण्यात शहाणपण आहे. आणि 177 अंशांच्या प्रणालीत 30 टक्क्यांवर मुरलेला मालही अडीच अ‍ॅटमॉस्फिअरच्या पुढे जातो, म्हणजे तिथे मे महिना असो की जुलै, वाळवणं टळत नाही.

आणखी एक. पॅनेल कुठून आलं ते विचारा. मुंबईच्या समुद्राकाठी वर्षभर उभ्या असलेल्या विमानाचं पॅनेल मे महिन्यात ट्रकमधून कोरड्या पुण्यात उतरलं, तरी ते ओलंच समजायचं. जाड लॅमिनेटला ओल प्यायला महिने लागतात, तसेच ती सोडायलाही.

वाळवणं

कोअरमध्ये साचलेलं पाणी आणि मुरलेली ओल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साचलेलं पाणी आधी शोधा. एक्स-रेमध्ये आणि थर्मोग्राफीत ते दिसतं. हातातलं मॉइश्चर मीटर ग्लास फायबर आणि अ‍ॅरामिड स्किनवर चालतं; कार्बनवर लावू नका, कार्बन वीजवाहक असल्यामुळे ते खोटंच वाचतं. पाणी भरलेल्या कोअरवर थेट तापमान चढवलं तर वाफ कोअरच्या भिंती फोडते आणि चांगली स्किनही उचलली जाते. तळहाताएवढ्या दुरुस्तीची परातभर होते. भिजलेला कोअर कापून काढायचा आणि मगच उरलेला भाग वाळवायचा.

वाळवताना चढण सावकाश, मिनिटाला एक-दीड अंशाच्या आसपास, आणि 65 ते 80 अंशांच्या टप्प्यात तासन्‌तास मुक्काम. किती तास, हे जाडीवर ठरतं, आणि इथे अंदाज हमखास चुकतात: जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. 2 मिलिमीटरच्या स्किनला एक रात्र लागली म्हणून 4 मिलिमीटरला दोन रात्री धरू नका, चार धरा. मागची बाजू रंगाने किंवा सीलंटने बंद असेल आणि ओल एकाच बाजूने निघत असेल, तरीही वेळ चौपट होतो. वरचा रंग आधी उतरवा, नाहीतर झाकण ठेवूनच वाळवताय.

वाळलं की नाही हे घड्याळ सांगत नाही, वजन सांगतं. खराब भाग कापताना निघालेला स्किन आणि कोअरचा एक तुकडा फेकू नका. त्याला ब्लँकेटखाली त्याच जागेशेजारी ठेवा आणि दर काही तासांनी सोन्याच्या काट्यासारख्या बारीक तराजूवर तोला. वजन उतरायचं थांबलं की वाळलं.

या तुकड्यानेच आम्हाला आमची सर्वात मोठी चूक दाखवली. तळहाताएवढ्या नुकसानीचं एक पॅनेल आम्ही शनिवारी संध्याकाळपर्यंत व्यवस्थित वाळवलं. कागदावर सगळं पूर्ण. रविवारी सुट्टी, सोमवारी सकाळी बाँडिंग, मंगळवारी टॅप टेस्टला पुन्हा तीच बेटं. मला राग आला; वाळवलं नव्हतं असं कुणीच म्हणू शकत नव्हतं. मग नोंदवही उघडली. तो तुकडा शनिवारी 42.10 ग्रॅम होता. सोमवारी एका मुलाने सवयीने पुन्हा तोलला होता आणि आकडा लिहून ठेवला होता: 42.31. रविवारभर पाऊस पडत होता आणि शटर खालून वीतभर उघडं होतं.

ज्यांनी घरी चैत्र-वैशाखात आईच्या हाताखाली कुरडया, सांडगे घातले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. गच्चीवर कडकडीत वाळलेली कुरडई संध्याकाळी डब्यात गेली नाही तर श्रावणापर्यंत टिकत नाही. वाळवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच वाळल्यावर लगेच डबा बंद करणं. आता आम्ही वाळवण संपल्यापासून पॅच बसेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजतो. मध्ये थांबावंच लागलं तर ती जागा व्हॅक्यूम बॅगखाली सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद ठेवतो, आणि बाँडिंगच्या आधी तुकडा पुन्हा तोलतो. वजन वाढलं असेल तर परत वाळवण. कितीही घाई असली तरी.

फ्रीजरमधला रोल

फिल्म अ‍ॅडहेसिव्ह आणि प्रीप्रेग (आधीच रेझिन भिनवलेलं कापड) उणे 18 अंशांवर ठेवतात. रोल बाहेर काढला आणि पिशवी लगेच उघडली, की थंड ताकाच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं तसं फिल्मवर सुटतं. पिशवी बंदच ठेवून रोल खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. पिशवीवरचं पाणी पुसलं आणि पुन्हा सुटलं नाही, की मग उघडायची. मोठ्या रोलच्या गाभ्याला उबेवर यायला बरेच तास लागतात. बाहेरून हाताला उबदार लागला म्हणून फसू नका. आम्ही आता रोल घेतल्याबरोबर एकदाच कापून, एका कामापुरत्या छोट्या पाकिटांत सीलबंद करून ठेवतो. पाकीट लवकर उबेवर येतं, आणि रोज अख्ख्या रोलचा फ्रीजरबाहेर राहण्याचा ठरलेला वेळही खर्च होत नाही.

ही बाब किती गंभीर होऊ शकते याचं उदाहरण धातूच्या विमानातलं आहे, पण धडा आपलाच आहे. 28 एप्रिल 1988 रोजी हवाईमध्ये हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 च्या पुढच्या भागाचं छत 24,000 फुटांवर उडून गेलं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, ती परत सापडली नाही. त्या जुन्या 737 विमानांच्या पत्र्यांचे सांधे इपॉक्सी भिजवलेल्या, थंडीत साठवलेल्या कापडाने चिकटवलेले होते. कापड वापरताना त्यावर ओल जमली किंवा ते आधीच अर्धवट क्युअर झालं, तर सांधा कच्चा राहायचा. चिकट सुटली की भार रिव्हेटांवर येतो, तिथे तडे जातात, गंज धरतो. चिकटवतानाच्या त्या काही मिनिटांतल्या दोषाची किंमत 19 वर्षांनी चुकवावी लागली.

खोली, हवा आणि अ‍ॅसिटोन

आर्द्रतामापक 60 च्या खाली दाखवतो म्हणून निश्चिंत राहू नका. हीटर लावला तरी आकडा खाली येतो, पण हवेतलं पाणी तेवढंच असतं, फक्त हवा गरम झालेली असते. दवबिंदू बघायची सवय लावा. पावसाळ्यातल्या हवेचा, समजा 26 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेचा, दवबिंदू 23 अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेली कुठलीही वस्तू ओली होणार. एसीच्या झोतात तासभर पडलेलं पॅनेल 20 अंशांवर आलेलं असतं. कुणी दार उघडलं, बाहेरची हवा आत आली, की त्यावर दव बसतं, आणि तुम्ही अ‍ॅडहेसिव्ह अंथरत असता. डीह्युमिडिफायर हवेतून पाणी खरोखर काढतो. खोलीला दोन दारं करून मधली जागा मोकळी ठेवली तर त्याच्यावरचा भारही कमी होतो.

अ‍ॅसिटोन ही अशीच एक जागा, जिच्याकडे आमचं कधी लक्ष गेलं नव्हतं. अ‍ॅसिटोन भराभर उडतं आणि उडताना पृष्ठभागाला थंड करतं. हातावर पडल्यावर गार लागतं ते त्याचमुळे. दमट खोलीत घासलेल्या कार्बनवर अ‍ॅसिटोन मारून ते आपोआप उडू दिलं आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तिरकं बघितलं, की क्षणभर आरशावर श्वास सोडल्यासारखं धुकं दिसतं आणि विरतं. त्या धुक्याच्या जागी आपण फिल्म अंथरत होतो. उपाय साधा: एका फडक्याने ओलं पुसायचं आणि उडण्याच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. त्याने मळही फडक्यात जातो. उडू दिलं तर मळ जागेवरच वाळतो. नंतर ब्लँकेटखाली थोडा शेक द्यायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कॅन उघडा राहिला की तो स्वतःच हवेतलं पाणी पितो, म्हणून छोट्या बाटल्या वापरा.

कॉम्प्रेसरची हवा पावसाळ्यात पाण्याने भरलेली असते. पांढऱ्या टिपकागदावर अर्धा मिनिट नळी धरा. डाग दिसला तर ती हवा पॅचच्या जवळ फिरकू देऊ नका.

घासल्यावरची पाण्याची चाचणी मात्र वगळू नका, ओलीची भीती असली तरी. शुद्ध पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट न तुटता पसरून राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब होऊन ओघळला तर तेल किंवा सिलिकॉन आहे. एकदा आम्हाला दोन दिवस थेंबच मिळत होते. शेवटी कळलं की पावसाने कुरकुरणाऱ्या शटरला कुणीतरी सिलिकॉनचा स्प्रे मारला होता. असे स्प्रे शॉपच्या दारातच थांबले पाहिजेत. चाचणी झाली की तो भाग पुन्हा शेकून वाळवायचा.

हाताने भिजवून केलेल्या, खोलीच्या तापमानाच्या इपॉक्सी दुरुस्तीत आणखी एक त्रास होतो. हार्डनरमधलं अमाइन दमट हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी मिळून वर मेणचट थर धरतं. त्यावर पुढचा थर दिला तर तो सोलून निघतो. आधी घासू नका, मेण सगळीकडे पसरतं. कोमट पाण्याने खसखसून धुवा, पुसा, वाळवा, मग घासा.

ओल नसेल तर

सगळं ओलीवर ढकलायचा मोहही टाळा. रिबच्या रेषेवरचा पट्टा, अ‍ॅडहेसिव्ह नखाला मऊ लागणं, ही कमी क्युअरची खूण. तिथे थर्मोकपल थेट रिबजवळ हवं. सर्वात गरम थर्मोकपलने तापमानाची वरची मर्यादा पाळायची आणि क्युअरचा वेळ सर्वात थंड थर्मोकपल तापमानाला पोचल्यापासून मोजायचा. पहिल्यांदाच करत असलेल्या जागेवर अ‍ॅडहेसिव्हशिवाय एक कोरडी फेरी घेऊन उष्णतेचा नकाशा काढा.

पावसात वीज जाते, तेव्हाचंही बोलून ठेवतो. हॉट बाँडर आणि पंप दोन्ही जनरेटरवर हवेत. तरी मध्येच खंड पडला, तर वीज आल्यावर मनाने पुढे चालू करू नका. किती तापमानाला, किती मिनिटांवर, व्हॅक्यूम किती उतरला, हे लिहून इंजिनिअरला विचारा. अर्धवट घट्ट झालेलं अ‍ॅडहेसिव्ह पुन्हा वाहत नाही.

टॅप टेस्ट काय सांगत नाही

काहींचं म्हणणं असतं, टॅपला आणि अल्ट्रासोनिकला पास झालं ना, मग झालं. इथे मी कडक होतो. हातोडी आणि अल्ट्रासोनिक पोकळी शोधतात. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले आहेत पण धरून नाहीत, अशी कच्ची चिकट त्यांना दिसत नाही. पॅच किती ताकदीने धरून आहे हे न तोडता मोजणारी सर्वमान्य पद्धत अजून नाही. म्हणूनच अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएने 2014 साली चिकटवलेल्या दुरुस्तीच्या आकारावर धोरण आखताना मुद्दा असा धरला की पॅच पूर्ण सुटला तरी उरलेल्या रचनेने मर्यादा भार, म्हणजे उड्डाणात येऊ शकणारा सर्वात मोठा अपेक्षित भार, पेलला पाहिजे. मॅन्युअलमध्ये दिलेली पॅचची कमाल लांबी-रुंदी त्या विचारातून येते. नुकसान त्या रेषेच्या बोटभर पुढे गेलं असेल तर आपल्या हाताच्या भरवशावर पॅच मोठा करायचा नाही, निर्मात्याकडून मंजुरी आणायची.

डोळ्याला न दिसणारी चिकट फक्त प्रक्रियेने राखता येते. प्रत्येक पॅचबरोबर त्याच अ‍ॅडहेसिव्हचा, त्याच घासकामाचा एक छोटा नमुना त्याच बॅगखाली क्युअर करा आणि तो तोडून बघा. पॅनेल तोडता येत नाही, नमुना येतो. त्यात अनारसा दिसला, तर वरचा पॅच टॅपला कितीही छान वाजत असो, तो काढायचा.

बेटं सापडल्यावर बारीक भोकं पाडून सुईने रेझिन भरायची सूचना मला दर वर्षी ऐकायला मिळते. जाळी पडलेल्या थरात रेझिन भरून आवाज सुधारतो, चिकट सुधारत नाही, कारण भोकांच्या मधल्या भिंती कच्च्याच राहतात. वर हातोडीला आता काहीच ऐकू येत नाही, म्हणजे पुढच्या तपासणीलाही तो दोष लपतो. पॅच काढा, स्कार्फ (पॅच बसण्यासाठी घासून केलेला उतार) पुन्हा उघडा. पायऱ्या किंवा उतार मॅन्युअलच्या प्रमाणातच ठेवा, जुना उतार परत परत घासून आखूड होऊ देऊ नका. मग तुकडा तराजूवर ठेवून वाळवण नव्याने सुरू करा.

नीट बसलेल्या पॅचच्या कडा सीलंटने बंद करून रंग त्याच दिवशी चढवा. आमच्याकडे मागच्या ऑगस्टमध्ये केलेलं एक फेअरिंग पॅनेल नुकतंच दुसऱ्या कामासाठी परत आलं होतं. काकांनी जुन्या पॅचवरून टॅप हॅमर आडवा-उभा फिरवला, कडेपासून कडेपर्यंत एकच आवाज, आणि त्यांनी खडू खिशातून काढलाच नाही.